एका कोयत्यातली दोन माणसे
(द्वितीय वर्ष, कला)

ऊसतोडीच्या व्यवहारात 'कोयता' या शब्दाला दोन अर्थ आहेत. पहिला अर्थ सर्वांना ठाऊक आहे. कोयता म्हणजे ऊस तोडण्याचे हत्यार. दुसरा अर्थ मात्र कारखाना, मुकादम आणि मजूर यांच्यातच चालतो. नवरा आणि बायको मिळून जी जोडी होते, तिला एक कोयता म्हणतात. 'माझ्याकडे वीस कोयते आहेत' असे मुकादम सांगतो, तेव्हा त्याच्याकडे चाळीस माणसे असतात. एकटा माणूस आला, तर तो 'अर्धा कोयता'.

मजुरीचे काम आणि घरातील बिनमोल काम यांची पतिपत्नींमध्ये वाटणी कशी होते, हा समाजशास्त्राचा आणि अर्थशास्त्राचाही विषय आहे. त्यावरील बरेचसे विवेचन शहरातील नोकरदार कुटुंबांना धरून केलेले असते. नवरा कचेरीत व बायको घरी, किंवा दोघेही कचेरीत आणि स्वयंपाक मात्र बायकोकडे, अशी उदाहरणे आपण तासाला ऐकतो. माझे आईवडील ऊसतोड मजूर आहेत आणि आमच्या घरात महाविद्यालयाची पायरी चढणारी मी पहिलीच. तेव्हा जे मी जवळून पाहिले, त्यावर हा विषय घासून पाहावा असे वाटले.

मला काय म्हणायचे आहे ते आधीच सांगते. स्त्री कमावती झाली की घरातील कामाची वाटणी आपोआप बदलेल, असे आपण समजतो. कोयत्याचा अनुभव निराळे सांगतो. नुसती कमाई पुरेशी नाही. ती कमाई कोणाच्या नावावर मोजली जाते, यावर पुष्कळ अवलंबून असते.

कोयत्याचा हिशेब

बीड जिल्ह्यातील बालाघाटचा डोंगरपट्टा हलक्या जमिनीचा आणि बेभरवशाच्या पावसाचा. खरिपाचे पीक निघाले की गावात काम उरत नाही. दसरा-दिवाळीच्या सुमारास टोळ्या निघतात. कोणी सोलापूर, पुणे, सांगली, कोल्हापूरकडे जातात, तर कोणी कर्नाटकात. मार्च-एप्रिलपर्यंत हंगाम चालतो. शेताजवळ किंवा कारखान्याच्या आसपास पाचटाची नाहीतर ताडपत्रीची झोपडी बांधून राहायचे. तिला आम्ही कोपी म्हणतो.

निघण्यापूर्वी मुकादमाकडून उचल घेतलेली असते. ही रक्कम लाखाच्या घरात जाते. ती कोयत्यावर, म्हणजे जोडीवर दिली जाते. पण बोलणी नवऱ्याशी होतात, कागदावर सही त्याची आणि पैसेही त्याच्याच हातात. हंगामात तोडलेल्या उसाचे टन मोजून त्यातून उचल वळती होते. बाकी राहिली तर ती पुढच्या हंगामावर जाते. जानेवारी २०२४ मध्ये तोडणीच्या दरात ३४ टक्के वाढ ठरली आणि तिचा लाभ मजुरांना झाला. पण दर वाढला तरी मोजण्याची रीत तीच राहिली. वजन टनाचे होते. त्यातील किती ऊस कोणाच्या हातचा, हे कोणी विचारीत नाही.

आता हे टन तयार कसे होतात ते पाहू. ऊस बुडापासून तोडायचा, पाचट काढायचे, शेंडा छाटायचा, मोळी बांधायची, ती डोक्यावर घेऊन गाडीपर्यंत न्यायची आणि फळीवरून चढून ट्रकमध्ये रचायची. सामान्यतः नवरा तोडतो आणि बायको गोळा करून मोळ्या बांधते. पण गरज पडेल तेव्हा बायकाही तोडतात. मोळ्या वाहताना तर दोघांच्या डोक्यावर सारखेच ओझे असते. यांपैकी एकही काम गाळून टन भरत नाही. म्हणजे फडात आई वडिलांना 'मदत' करीत नाही. ती मजुरी करते.

एका दिवसाची नोंद

गेल्या जानेवारीत आठ दिवस मी आईवडिलांकडे तोडीवर राहिले होते. त्यांतील एका दिवसाची नोंद वहीत करून ठेवली. ही काही शास्त्रीय पाहणी नव्हे, एका कोपीतील एक दिवस आहे.

आई पहाटे साडेतीनला उठली. हापशावरून पाण्याच्या चार खेपा, मग चूल, दोन्ही वेळच्या भाकरी, कालवण, भांडी. वडील पाचला उठले. त्यांनी कानशीने दोन्ही कोयत्यांना धार लावली. सहाला दोघेही फडात होते. जेवणाचा अर्धा तास सोडला तर संध्याकाळी सहापर्यंत दोघांनी बरोबरीने काम केले. परत आल्यावर वडिलांनी थोडे सरपण फोडले आणि मग ते शेजारच्या कोपीसमोर इतर पुरुषांत जाऊन बसले. आईने पाणी आणले, चूल पेटवली, स्वयंपाक केला, भांडी घासली, उद्यासाठी पीठ चाळून ठेवले. तिचे काम थांबले तेव्हा नऊ वाजले होते.

बेरीज अशी. फडात दोघांचेही साडेअकरा तास. कोपीत आईचे सुमारे पावणेपाच तास, वडिलांचे चाळीस मिनिटे. त्यातली वीस मिनिटे कोयत्याला धार लावण्याची, म्हणजे खरे तर तेही मजुरीचेच काम.

येथे वडिलांविषयी गैरसमज होऊ नये. ते आळशी नाहीत, व्यसनी नाहीत, आईवर हात उगारणारे नाहीत. दिवसभराच्या तोडीनंतर त्यांची पाठ धरलेली असते. प्रश्न इतकाच की पाठ दोघांचीही धरलेली असताना एक माणूस बसतो आणि दुसरे चुलीपुढे वाकते, हे ठरते कसे?

आमच्या कोपीतील हा दिवस जगावेगळा नाही. केंद्र सरकारच्या सांख्यिकी कार्यालयाने २०१९ मध्ये देशभर कालविनियोग पाहणी केली. लोक चोवीस तास कसे घालवतात, याची ती नोंद. सहा वर्षांवरील स्त्रियांपैकी ८१.२ टक्के स्त्रिया दिवसभरात घरातील बिनमोल काम करतात, पुरुषांपैकी २६.१ टक्के. जे हे काम करतात त्यांच्यात स्त्रीचा सरासरी वेळ दिवसाला २९९ मिनिटे, पुरुषाचा ९७ मिनिटे. २०२४ च्या पाहणीत हेच आकडे २८९ आणि ८८ असे आले. दोघांचाही वेळ थोडा कमी झाला, अंतर होते तेवढेच राहिले.

या आकड्यांत आणखी एक गोष्ट दडलेली आहे. २०१९ च्या त्याच पाहणीत नोकरी, मजुरी वा तत्सम कामात वेळ घालवणाऱ्या स्त्रिया केवळ १८.४ टक्के होत्या. म्हणजे २९९ मिनिटांच्या त्या सरासरीत मजुरीला न गेलेल्या स्त्रियाच अधिक. माझ्या आईने मात्र साडेअकरा तास ऊस तोडून, बांधून, वाहून वर २८५ मिनिटे घरकाम केले. बाहेरच्या कामाने तिचे घरातील काम जवळजवळ कमी झालेच नाही. कमी झाली ती तिची झोप.

पुस्तके काय सांगतात

अमेरिकन अर्थशास्त्रज्ञ गॅरी बेकर यांनी १९८१ मध्ये कुटुंबाच्या अर्थशास्त्रावर ग्रंथ लिहिला. पुढे १९९२ मध्ये त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले. त्यांचे म्हणणे थोडक्यात असे. दोन देश व्यापारात जसे आपापल्या सोयीच्या मालावर भर देतात, तसे पतिपत्नीही करतात. ज्याला बाहेर अधिक मिळकत होते तो बाहेर काम करतो, दुसरा घर सांभाळतो आणि त्यात दोघांचाही फायदा असतो.

नवरा कारखान्यात आणि बायको घरी अशा कुटुंबाला हे विवेचन लागू पडत असेल. कोयत्याला ते लागू पडत नाही. येथे श्रमविभागणी झालेलीच नाही. वडिलांकडे एक काम आहे आणि आईकडे दोन. जोडीचे टन दोघांच्या हातांनी भरतात, तर 'बाहेर अधिक मिळवणारा' कोण, हे ठरवायचे कशावरून?

मला अधिक पटले ते अमर्त्य सेन यांचे विवेचन. १९९० च्या एका निबंधात त्यांनी कुटुंबाकडे सहकार्य आणि संघर्ष एकत्र नांदणारी जागा म्हणून पाहिले आहे. कुटुंबात कोणाच्या वाट्याला काय येते, हे कोण खरोखर किती हातभार लावतो एवढ्यावरच ठरत नाही. कोणाचा हातभार किती आहे असे घरच्यांना *वाटते*, यावरही ठरते. जर्मन समाजशास्त्रज्ञ मारिया मीस यांनी आंध्रातील नरसापूरच्या लेस विणणाऱ्या स्त्रियांचा अभ्यास १९८२ मध्ये प्रसिद्ध केला. त्या स्त्रियांनी विणलेली लेस परदेशी जात होती, पण त्यांची गणना गृहिणी म्हणूनच होत होती. फावल्या वेळातील उद्योग, असे त्यांच्या श्रमाला म्हटले जाई.

नरसापूरच्या स्त्रीचे काम घराच्या भिंतींआड होते म्हणून ते दिसले नाही असे म्हणता येईल. माझी आई तर उघड्या रानात काम करते. तिचे काम सर्वांना दिसते, पण हिशेबात ते वेगळे उमटत नाही. हिशेबाच्या वहीत नाव वडिलांचे असते. त्यामुळे घरात, गावात आणि खुद्द आईच्या मनातही 'कमावणारा माणूस' एकच असतो. जो कमावतो तो थकतो, आणि जो थकतो त्याने बसावे, हे ओघानेच आले.

जोडीचे ओझे कोणावर

जोडीने मोजण्याच्या या रीतीचे परिणाम चुलीपुरते राहत नाहीत. एका दिवसाची गैरहजेरी म्हणजे 'खाडा'. बायको आजारी पडली, गरोदर असली, मासिक पाळीचा त्रास असला, तरी अडतो तो सबंध कोयता, आणि खाड्याचे पैसे कापले जातात ते दोघांच्या मजुरीतून. २०१९ मध्ये बीड जिल्ह्यातील ऊसतोड स्त्रियांच्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांचा प्रश्न गाजला. सरकारने नेमलेल्या समितीसमोर जी पाहणी आली, तीत ८२ हजारांवर स्त्रियांपैकी १३ हजारांवर स्त्रियांची ही शस्त्रक्रिया झालेली आढळली. त्यामागे कारणे अनेक आहेत. पाण्याची व शौचालयाची वाण, उपचारांचा अभाव, डॉक्टरांनी घातलेली भीती. पण बाईचे दुखणे जोडीला परवडत नाही, हेही त्यांतील एक आहे.

दुसरा परिणाम लग्नावर होतो. अर्ध्या कोयत्याला उचल कमी आणि मागणीही कमी. त्यामुळे मुलगा हाताशी आला की घाईने जोडी जुळवली जाते, आणि मुलीचे वय पाहिले जात नाही. माझ्या मोठ्या भावाचे लग्न असेच दिवाळीपूर्वी उरकले. वहिनीला अठरा पुरी होऊन दोन महिने झाले होते. आज ती माझ्याच वयाची आहे. मी जेव्हा या वर्गात बसून 'कुटुंबसंस्था' शिकते, तेव्हा ती फडात मोळ्या बांधत असते. माझ्यासाठीही स्थळे येतात. पाहुणे हुंड्यापेक्षा एकच गोष्ट आधी विचारतात, 'पोरगी तोडीला येईल ना?'

गेल्या हंगामाच्या शेवटी मुकादम आमच्या अंगणात हिशेब वाचीत होते. ते नात्यातलेच आहेत. एकूण टन, त्याचे पैसे, त्यातून उचल वजा, खाडे वजा. सगळे ऐकून झाल्यावर दाराआडून वहिनीने विचारले, "तात्या, ह्यात माझं किती झालं?" सगळे हसले. मुकादमही हसले, पण प्रेमाने म्हणाले, "सूनबाई, कोयत्याचा हिशेब एकच असतो. तुझं-माझं असं नसतं त्यात." ते खोटे बोलले नाहीत. वहीत तसा आकडा नव्हताच. तिच्या प्रश्नाला उत्तर देता येईल अशी रीतच या धंद्यात नाही.

नाव लिहिले गेले तर

नाव स्वतंत्र लिहिले गेल्याने काय फरक पडतो? याचे उदाहरण आमच्याच घरात आहे. १९७२ च्या दुष्काळात माझी आजी नवी सून होती. त्या दुष्काळातील कामांतून महाराष्ट्राची रोजगार हमी योजना वाढीला लागली आणि १९७७ मध्ये तिचा कायदा झाला. आजी पाझर तलावाच्या कामावर माती वाहायला जाई. हजेरीपटावर तिचे नाव होते आणि पगाराच्या दिवशी अंगठा तिचाच लागे. आजी सांगते, "पैसे सासूच्याच हाती द्यावं लागायचे. पण किती आणले ते सगळ्यांना ठावं असायचं." पुढे तिने त्याच कमाईचा हवाला देऊन एक शेळी घ्यायला लावली. ती शेळी घरात आजीची शेळी म्हणूनच ओळखली गेली.

खरे सांगायचे तर आजीचा स्वयंपाक त्यामुळे सुटला नाही. नाव लिहिले की चूल वाटली जाते, असा दावा मी करीत नाही. पण घरात बोलणी करताना तिच्या हाती एक आकडा होता. माझ्या आईच्या हाती तो नाही. १९७६ च्या समान वेतन कायद्याने सारख्या कामाला सारखे वेतन सांगितले. पण जेथे स्त्रीला स्वतंत्र वेतनच नाही, तेथे ते सारखे आहे की नाही हे पडताळणार कसे? शेतकरी संघटनेने १९८६ च्या चांदवडच्या महिला अधिवेशनानंतर जी लक्ष्मीमुक्तीची मोहीम चालवली, तिच्यातही हाच विचार होता. शेतात राबणाऱ्या बायकोचे नाव जमिनीच्या उताऱ्यावर यावे.

न्यायालयांनीही घरकामाचे मोल केले आहे. जमशेदपूरच्या १९८९ च्या आगीत मरण पावलेल्या गृहिणींची भरपाई ठरवताना सर्वोच्च न्यायालयाने २००१ मध्ये त्यांच्या कामाचे मोल महिना ३००० रुपये धरले. २०२१ च्या आणखी एका निकालात गृहिणीच्या श्रमाला उत्पन्न मानले पाहिजे हे न्यायालयाने पुन्हा स्पष्ट केले. ही मोठीच गोष्ट आहे. पण हा हिशेब बाई गेल्यावर होतो. ती जिवंत असताना तिच्या घरकामाचा नाही, तर निदान मजुरीचा हिशेब तरी वेगळा व्हावा, एवढी अपेक्षा अवाजवी नाही.

एक आक्षेप आणि काही सूचना

यावर एक आक्षेप घेतला जाईल. बायकोचे नाव करारावर आले, तर उचलीचे कर्जही तिच्या नावावर येईल. मग फायदा काय? आक्षेप बिनतोड वाटतो, पण कर्ज आजही तीच फेडते आहे. उचल फिटली नाही तर पुढच्या वर्षी वडील एकटे जात नाहीत, कोयता जातो. देणे दोघांचे आणि नाव एकाचे, ही आजची स्थिती आहे. त्यापेक्षा देणेही दोघांचे व येणेही दोघांचे, हे बरे.

म्हणून मला तीन गोष्टी सुचवाव्याशा वाटतात. पहिली, मुकादमाच्या व कारखान्याच्या वहीत दोन्ही नावे असावीत आणि मजुरी निम्मी-निम्मी ज्याच्या त्याच्या खात्यात जावी. दुसरी, खाडा माणसाचा धरावा, जोडीचा नव्हे. आणि आजारपण व बाळंतपण यांत तो धरूच नये. तिसरी, कोप्यांजवळ पाण्याचा नळ, स्वयंपाकाचा गॅस आणि पाळणाघर असावे. आईच्या पावणेपाच तासांतील बराचसा भाग पाणी आणि सरपण यांतच जातो. वाटणी करण्यापूर्वी ओझेच थोडे हलके करता येते.

चौथी गोष्ट सरकारकडे मागण्याची नाही. आपल्या महाविद्यालयात डोंगरपट्ट्यातील अनेक मुले खोली करून राहतात. ती स्वतः भाकरी थापतात, कपडे धुतात, भांडी घासतात आणि त्यात त्यांना कमीपणा वाटत नाही. हीच मुले सुट्टीत घरी गेली की पाण्याचा तांब्याही बहिणीकडून मागून घेतात. म्हणजे काम येत नाही हा प्रश्न नाही. कोणासमोर करायचे, हा प्रश्न आहे. माझ्या या मित्रांना मी एवढेच सांगेन की येत्या सुट्टीत एक दिवस वही घेऊन बसा आणि आपल्या घरातील दोन्ही माणसांचे तास लिहून काढा. बेरीज कोणालाही दाखवू नका, हवी तर. पण एकदा करून पाहा.

वहिनीचा प्रश्न तिने दाराआडून विचारला होता. तो आता वर्गात, मासिकात आणि मुकादमाच्या वहीपुढे उघडपणे विचारला गेला पाहिजे. एका कोयत्यात दोन माणसे असतात. हंगामाच्या शेवटी त्या दोघांनाही आपापला आकडा कळला पाहिजे.